रुग्णाचे दप्तर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

बंगळूर शहराच्या पूर्व अंगास, बाह्य वर्तुळमार्गाला लागून व्हाइटफील्डच्या दिशेने पसरत गेलेला महादेवपुरा हा भाग एका पिढीपूर्वीपर्यंत तळ्यांचा आणि रागीच्या शेतांचा मुलूख होता. आज तेथे काचेच्या भिंतींच्या उत्तुंग कचेऱ्या उभ्या आहेत, आणि शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून मराठी माणसाला परक्या न राहिलेल्या या शहरात पुणे, सातारा, सोलापूर, बेळगाव येथून नोकरीनिमित्त आलेल्या मराठी तरुणांची हजारो बिऱ्हाडे या पूर्वेकडच्या वस्त्यांतून थाटलेली आहेत. या बिऱ्हाडांत गावाकडचे आईवडील वर्षातून एकदोनदा तरी येतात. उद्यान एक्स्प्रेसने किंवा राणी चन्नम्माने बंगळूरला उतरून, मेट्रोच्या जांभळ्या मार्गाने ते गरुडाचारपाळ्य किंवा हूडी गाठतात, तेव्हा त्यांच्या सामानात मेतकूट, भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी यांच्या जोडीला एक वस्तू हटकून असते: प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, कडा दुमडलेली, रबराने आवळलेली दवाखान्याची फाइल. आधुनिक वैद्यकाची एक मोठी उणीव त्या पिशवीत सामावलेली आहे, आणि ती भरून काढण्यासाठी आपल्या देशात जी खटपट चालली आहे, तिची हकीकत सामान्य वाचकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण हे दप्तर अखेर त्याचे स्वतःचे आहे.

त्या फाइलीत गावच्या डॉक्टरांची तारीख नसलेली चिठ्ठी असते, तालुक्याच्या प्रयोगशाळेचा रक्ततपासणीचा कागद असतो, जिल्ह्याच्या ठिकाणी काढलेला हृदयालेख असतो, ज्याची रेघ त्या विशिष्ट कागदाच्या गुणधर्मामुळे दोनतीन वर्षांत पुसट होत जाते, आणि कधीकाळी झालेल्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड असते. समजा, सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांना रक्तदाबासाठी गावी ‘टेल्मा’ नावाची गोळी चालू आहे. मुलाकडे आल्यावर थोडे बरे वाटेना म्हणून येथील डॉक्टरांकडे ते गेले, फाइल घरी राहिली, आणि डॉक्टरांनी ‘टेल्मिकाइंड’ लिहून दिली. दोन्ही गोळ्यांत टेल्मिसार्टन हे एकच औषध आहे. परंतु वेष्टन निराळे, नाव निराळे, म्हणून दोन्ही गोळ्या निष्ठेने घेतल्या जातात, रक्तदाब नको इतका उतरतो, पहाटे न्हाणीघरात तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. यात कोणत्याही डॉक्टरचे अज्ञान नाही, की रुग्णाची बेफिकिरी नाही. एकाला जे ठाऊक होते ते दुसऱ्याला कळण्याची तजवीज नव्हती, एवढेच. किंवा असे समजा, की त्यांच्या रक्तातील क्रिएटिनिनचे प्रमाण एका वर्षी ०.९, दुसऱ्या वर्षी १.१ आणि तिसऱ्या वर्षी १.३ आले. तीन गावच्या तीन प्रयोगशाळांनी तिन्ही वेळा ‘मर्यादेत’ असाच शेरा मारला, आणि प्रत्येक कागद सुटा पाहिला तर तो शेरा खराही आहे. पण तेच तीन आकडे एका ओळीत मांडले की मधुमेह असलेल्या या माणसाची मूत्रपिंडे हळूहळू थकत चालली असावीत, ही शंका वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येईल. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कोणत्या रुमालात काय आहे याची यादी नसेल, तर हाताशी असलेला कागदही अभ्यासकाला नसल्यासारखाच. रुग्णाच्या फाइलीचे नेमके तेच होते. कागद असतो, परंतु ज्या क्षणी ज्या डोळ्यांपुढे तो यायला हवा त्या क्षणी तो येत नाही.

मनाला लागणारी गोष्ट अशी, की हे ज्या परिसरात घडते तेथे या विषयाच्या ज्ञानाची मुळीच वाण नाही. व्हाइटफील्ड भागात जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे जॉन वेल्च यांच्या नावाचे संशोधन केंद्र २००० साली सुरू झाले, आणि वैद्यकीय उपकरणांवरचे बरेच काम तेथे होत आले. त्याच भागात २००१ पासून श्री सत्य साई संस्थेचे रुग्णालय हृदयाच्या आणि मेंदूच्या अवघड शस्त्रक्रिया रुग्णाकडून एक पैसाही न घेता करीत आले आहे. परदेशातील इस्पितळांच्या नोंदी सांभाळणाऱ्या आज्ञावली बंगळुरातील तरुण वर्षानुवर्षे लिहीत आहेत. अशा तरुणाच्या स्वतःच्या वडिलांचा पूर्वेतिहास मात्र त्या प्लास्टिकच्या पिशवीतच राहतो. कारण अडचण यंत्रविद्येची कमी आणि व्यवस्थेची अधिक आहे. प्रत्येक रुग्णालय आपली नोंद ही आपली मालमत्ता समजते, प्रत्येकाची परिभाषा निराळी असते, आणि एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात कागद जाण्यासाठी जो सर्वमान्य रस्ता लागतो तो आजवर कोणी बांधलाच नव्हता.

ही तक्रार नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवले होते, की रुग्णालयांच्या नोंदी तुलनेला उपयोगी पडतील अशा अवस्थेत जवळजवळ कोठेच मिळत नाहीत. १९६८ साली लॉरेन्स वीड या अमेरिकन वैद्याने नोंदीची रीतच बदलावी असे सुचवले: तारीखवार टिपणांच्या ढिगाऐवजी रुग्णाच्या एकेका व्याधीखाली तिचा सारा तपशील, विचार आणि पुढील योजना मांडावी, म्हणजे वाचणाऱ्याला डॉक्टरच्या मनातील कार्यकारणभाव दिसेल. वीड यांनी संगणकाचा उपयोगही त्याच काळात करून पाहिला. पुढे २००९ साली अमेरिकेने कायदा करून आणि अब्जावधी डॉलर ओतून रुग्णालयांना संगणकीय नोंदी ठेवायला लावले. संगणक आले, कागद गेले. परंतु एका कंपनीच्या यंत्रणेला दुसरीची भाषा कळेना, आणि नोंदीचा प्रधान हेतू रुग्णाची कथा सांगणे हा न राहता विम्याचे देयक सिद्ध करणे हा झाला. डॉक्टर दिवसाचे कित्येक तास कळफलकावर घालवू लागले. मूळचे केरळी कुटुंबातील, अमेरिकेत नावारूपाला आलेले वैद्य व लेखक एब्राहम वर्गीस यांनी २००८ मध्येच इशारा दिला होता, की पडद्यावरच्या रुग्णाची बडदास्त उत्तम राहते आणि खाटेवरचा खरा रुग्ण वाट पाहत पडून राहतो. भारताने या प्रांतात उशिरा पाऊल टाकले, त्याचा एक लाभ असा की हा दाखला आपल्यापुढे होता.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१३ साली संगणकीय आरोग्य नोंदींची मानके प्रसिद्ध केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. या मानकांचे काम पाहणारे राष्ट्रीय केंद्र पुण्यात, प्रगत संगणन विकास केंद्रात म्हणजे सी-डॅकमध्ये आहे, ही गोष्ट मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. मानके म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एक डॉक्टर ‘हार्ट अटॅक’ लिहितो, दुसरा ‘एमआय’ लिहितो, तिसरा ‘हृदयविकाराचा झटका’ लिहितो. माणसाला तिन्हींचा अर्थ एकच हे कळते, यंत्राला कळत नाही. म्हणून प्रत्येक व्याधीला, प्रत्येक तपासणीला आणि प्रत्येक औषधाला एक ठरावीक संकेतांक द्यायचा, आणि डॉक्टरने कोणतेही शब्द वापरले तरी नोंदीच्या पोटात तो संकेतांक बसवायचा. स्नोमेड सीटी नावाचा अशा संकेतांकांचा आंतरराष्ट्रीय कोश भारताने २०१४ पासून स्वीकारला आहे. टेल्मा आणि टेल्मिकाइंड यांच्या पोटात टेल्मिसार्टनचा एकच संकेतांक असला, तर दुसरी चिठ्ठी लिहिली जात असतानाच यंत्र डॉक्टरला सावध करू शकते. त्यासाठी कोणत्याही अद्भुत बुद्धीची गरज नाही, साधी रुजुवात पुरते.

या पायावर राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली, सहा केंद्रशासित प्रदेशांत ते चाचपून पाहिले गेले, आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने ते देशभर लागू झाले. प्रत्येक इच्छुक नागरिकाला चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. या क्रमांकाखाली आपल्या साऱ्या व्याधींची माहिती दिल्लीतील एखाद्या कोठारात जमा होते, अशी अनेकांची समजूत आहे. मूळ योजना तशी नाही. नोंद जेथे निर्माण झाली तेथेच, त्या रुग्णालयात वा प्रयोगशाळेत, राहते. क्रमांक फक्त कोणाची नोंद कोठे आहे याचा पत्ता लावतो. महादेवपुऱ्यातील डॉक्टरला साताऱ्याचे कागद पाहायचे असतील, तर तो मागणी पाठवतो. ती रुग्णाच्या मोबाइलवर येते. कोणते कागद, कोणत्या कालावधीचे, कशासाठी आणि किती मुदतीपुरते, हे रुग्ण वाचतो आणि मंजुरी देतो वा नाकारतो, दिलेली मंजुरी पुढे काढूनही घेऊ शकतो. आणि मंजुरी मिळाली की माहिती संकेतबद्ध होऊन एका दप्तरातून दुसऱ्यात जाते. मधल्या यंत्रणेच्या हाती संमतीचा दस्तऐवज असतो, आतील मजकूर तिला वाचता येत नाही. माहितीवरचा अखत्यार रुग्णाचा, हे तत्त्व या रचनेच्या मुळाशी आहे, आणि त्या तत्त्वाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण तत्त्व आणि व्यवहार यांतील अंतर नजरेआड करून चालणार नाही. रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीपाशी रांगेत उभ्या असलेल्या, चष्मा घरी विसरलेल्या वृद्धेला कारकून म्हणतो, “आजी, फोनवर आलेला नंबर सांगा,” आणि ती तो सांगते. एवढ्याने कायद्याच्या दृष्टीने संमती झाली असे कोणी म्हणेलही, परंतु ज्या संमतीचा विषय देणाऱ्याला उमगलेला नाही तिला संमती म्हणणे मला मान्य नाही. त्यातून घरातील तिघांचा मिळून एकच मोबाइल असतो, आणि सुनेच्या गर्भपाताची किंवा मुलाच्या मनोविकाराची नोंद कोणाच्या हाती पडेल याचा भरवसा नसतो. आभा क्रमांक देणारी खिडकी आणि संमती समजावून देणारा माणूस ही दोन कामे आहेत, आणि दुसऱ्या कामासाठी आपण माणूस नेमलेला नाही. सुरक्षिततेची चिंताही काल्पनिक नव्हे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर खंडणीखोर हल्ला झाला, आणि देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस पुन्हा हाताने नोंदी लिहून कारभार चालवावा लागला. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. त्याचा कस रुग्णालयांच्या दारातच लागायचा आहे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळू. जुळलेल्या नोंदी म्हणजे मोठे दप्तर, आणि मोठे दप्तर वाचायला वेळ लागतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरला एका रुग्णामागे मिळणारी मिनिटे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. वीस वर्षांचे कागद वाचून त्यातील आजच्या प्रश्नाशी निगडित तेवढे पुढे ठेवणे, क्रिएटिनिनचे ते तीन आकडे एका ओळीत मांडणे, पेनिसिलिनचे वावडे असल्याची जुनी नोंद वेळेवर वर काढणे, ही कामे यंत्राने करावीत, आणि ती यंत्र चांगली करू शकते. प्रतिमांच्या बाबतीत तर त्याने आपली योग्यता सिद्ध केली आहे. मुंबईत २०१६ साली स्थापन झालेल्या क्युअर डॉट एआय या संस्थेने छातीच्या क्ष-किरण चित्रांतून क्षयाची चिन्हे ओळखणारी प्रणाली तयार केली. आणि अशा प्रकारच्या प्रणाली पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींच्या प्राथमिक चाळणीसाठी, मानवी वाचकाच्या ऐवजी, वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अनुमती दिली. ज्या तालुक्यात क्ष-किरण यंत्र आहे पण चित्र वाचणारा तज्ज्ञ नाही, तेथे याचे मोल किती आहे हे सांगायला नको.

मात्र भाकीत करणाऱ्या यंत्रांची गोष्ट वेगळी आहे. रक्तात जंतुदोष पसरून होणारी सेप्सिस ही अवस्था काही तासांत प्राण घेते, म्हणून तिची चाहूल आधी देणारी एक प्रणाली एपिक या नामांकित अमेरिकन कंपनीने शेकडो रुग्णालयांना पुरवली होती. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या २७,६९७ रुग्णांच्या नोंदींवर तिची परीक्षा केली आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण तिच्या नजरेतून निसटले होते, आणि दुसरीकडे दाखल झालेल्यांपैकी १८ टक्क्यांच्या बाबतीत तिने धोक्याची घंटा वाजवली होती. ज्या परिचारिकेच्या कानांवर दिवसभर अशा निष्फळ घंटा आदळतात, ती खऱ्या घंटेलाही दाद देईनाशी होते. याहून खोल दोष २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील एका अभ्यासाने उघड केला. कोणत्या रुग्णाला अधिक देखभालीची गरज आहे हे ठरवणारी एक प्रणाली, आजाराचे माप म्हणून, त्या रुग्णावर पूर्वी किती खर्च झाला हा आकडा वापरीत होती. कृष्णवर्णीयांवर खर्च कमी झाला होता, कारण त्यांना सेवाच कमी मिळाली होती. यंत्राने त्याचा अर्थ ते कमी आजारी आहेत असा लावला. हे माप सुधारले असता अधिक देखभालीस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. यंत्राच्या मनात द्वेष नव्हता, कारण त्याला मनच नव्हते. जमाखर्चात जे लिहिले होते ते त्याने प्रमाण मानले.

हे वाचताना मला महाराष्ट्राचीच एक गोष्ट आठवते, आणि या साऱ्या प्रश्नाचे मर्म तिच्यात आहे अशी माझी धारणा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्थेद्वारे काम सुरू केले, तेव्हा सरकारी नोंदींवर न विसंबता गावोगावचे जन्म आणि बालमृत्यू स्वतः मोजण्याची शिस्त त्यांनी घातली. गावातील बायांना शिकवून, त्यांच्याकडून नवजात अर्भकांची घरोघर तपासणी करवून आणि तिच्या नोंदी ठेवून त्यांनी जे साधले त्याचा वृत्तान्त १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला: नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २००१ मध्ये राज्यातील अनेक संस्थांनी मिळून केलेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवून दिले, की महाराष्ट्रातील बालमृत्यूंचा फार मोठा हिस्सा सरकारी दप्तरात पोहोचतच नव्हता. जे मूल दप्तरात जन्मले नाही ते दप्तरात मरतही नाही. त्या दप्तरावर शिकलेले यंत्र अत्यंत आत्मविश्वासाने सांगेल, की या तालुक्यात बालमृत्यू कमी आहेत, येथे दवाखान्याची निकड नाही. आणि ते उत्तर संगणकातून आले म्हणून मंत्रालयातील अधिकारी त्यावर विश्वासही ठेवील. शहरातील खाजगी रुग्णालयांच्या नोंदी विपुल आहेत, मेळघाटातील बाळंतिणीच्या नोंदी तुटपुंज्या आहेत. महादेवपुऱ्यात काचेच्या कचेऱ्यांतून काम करणाऱ्या अभियंत्याच्या नोंदी भरपूर आहेत, त्याच कचेऱ्या बांधायला कलबुर्गी-रायचूरकडून आलेल्या आणि पत्र्याच्या खोपटात राहणाऱ्या मजुराची एकही नाही. यंत्र जितके अधिक सामर्थ्यवान होईल, तितके हे अंतर रुंदावेल. आणि आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीला, तिच्या मानधनाला आणि तिच्या प्रामाणिक आकड्याला संरक्षण दिल्याखेरीज कृत्रिम बुद्धिमत्तेवर केलेला खर्च गरिबाच्या कामी येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अलीकडे डॉक्टर-रुग्णांचे संभाषण ऐकून आपोआप टिपण तयार करणारी यंत्रे आली आहेत. डॉक्टरची मान कळफलकावरून वर उठून रुग्णाकडे वळणार असेल, तर त्यांचे स्वागतच करावे. परंतु उक्तीचे लेखन करणाऱ्या एका प्रसिद्ध प्रणालीची तपासणी २०२४ साली झाली, तेव्हा सुमारे एक टक्का ध्वनिमुद्रणांत कोणी न उच्चारलेली वाक्ये तिने स्वतःच्या पदरची घातल्याचे आढळले. आणि बोलता बोलता अडखळणाऱ्यांच्या बाबतीत हा दोष अधिक होता. वृद्ध, घाबरलेला, धाप लागलेला रुग्ण अडखळणारच. त्यात मुलाकडे आलेली सोलापूरची आजी मराठीत सांगते, सून ते हिंदीत वा इंग्रजीत डॉक्टरला सांगते आणि परिचारिका कन्नडमध्ये लिहून घेते. अशा ठिकाणी यंत्राने केलेला मसुदा डॉक्टरने शब्दन्‌शब्द वाचून, आपल्या सहीने, आपल्या जबाबदारीवर कायम करावा, ही अट नियमात असावी. यंत्राचे काम कागद पुढे ठेवण्याचे; निर्णय देण्याचे काम, आणि तो चुकल्यास उत्तर देण्याचेही, माणसाचेच राहिले पाहिजे.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या नोंदी मागून घेण्याचा अधिकार कोणत्याही मिशनच्या आधीपासून आपल्याला आहे. रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच रुग्णालयांनी रुग्णाला त्याची कागदपत्रे द्यावीत असे सांगितले. आणि भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे आंतररुग्णाची नोंद तीन वर्षे जतन करणे व मागणी आल्यापासून ७२ तासांच्या आत कागद देणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. तेव्हा पुढच्या खेपेस आईवडिलांना घेऊन जाल तेव्हा डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्यांचे कागद मागून घ्या. गोळीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव एका कागदावर उतरवून काढा. मोबाइलवर संमतीची मागणी आली, तर कशासाठी आणि किती मुदतीपुरती हे आईवडिलांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, आणि त्यांना पटले तरच होकार द्या. आभा क्रमांक काढणे ऐच्छिक आणि विनामूल्य आहे. तो नाही एवढ्यासाठी कोणाही रुग्णाला उपचार नाकारता येत नाहीत.